मिडियम फॉरमॅट कॅमेरा गळ्यात घालून रोज हिंडणारं कोणी आहे का इथे?

फेरीतला (मंगळवार, रात्री १०:१५)

मासेमारी बंदीचे दिवस, पणजी मार्केटात बांगडा सोन्याच्या भावानं. बांगडेवालीसमोर उभं राहून कॅमेरा वर केला तर ती म्हणाली, "नुस्तें घे, मागीर फोटो काड." रास्त बोलली. चार बांगडे घेतले, पिशवी डाव्या मनगटाला अडकवली आणि सव्वा किलोचं धूड उचलून फोटो काढला. रात्री घरी मोठा करून बघितला. वरच्या बांगड्याच्या डोळ्यात मार्केटच्या ट्यूबलाइटी मोजता येत होत्या, तीन. बाईंचा चेहरा मात्र किंचित हललेला.

गेलं सव्वा वर्ष माझं हेच चाललंय, म्हणून धागा काढतोय.

कॅमेरा फुजीफिल्मचा जीएफएक्स १००एस, मिडियम फॉरमॅट म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्यांहून मोठ्या सेन्सरचा. २०२१ साली बाजारात आला तेव्हा ५,९९९ डॉलरला होता. माझा मुंबईतल्या एका फॅशनवाल्याने वापरून सोडलेला, ५० मिमी एफ ३.५ लेन्ससकट (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). तेवढ्यात दोन ॲक्टिव्हा आल्या असत्या (हे वाक्य बायकोचं). १०२ मेगापिक्सेल, सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमी, क्षेत्रफळ फुलफ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) १.६७ पट. घेण्याआधी ज्याला त्याला विचारलं आणि ज्यानं त्यानं एकच सांगितलं: हा स्टुडिओत ट्रायपॉडवर ठेवायचा कॅमेरा. रोज घेऊन हिंडणं म्हणजे लग्नातला शालू नेसून भात लावायला जाणं.

मी दिवाडीला राहतो, नोकरी पणजीत. सकाळी फेरीबोटीने जुनं गोवं, तिथून बस. संध्याकाळी उलटं. यात ट्रायपॉड कोण वागवणार? जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तो उघडताही येत नाही. म्हणजे जे काय ते हातावरच.

पहिला महिना एक फोटो धड आला नाही. आपण शिकलेला नियम असा की ५० मिमीला शटर १/५० सेकंद पुरे. इथे नाही पुरत. स्क्रीनवर पूर्ण मोठा केला की श्वाससुद्धा दिसतो. सेन्सरचं स्टॅबिलायझेशन सहा स्टॉपचं आहे म्हणे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि ते खोटं नाही. चर्चमधली वेदी मी १/८ ला हातात धरून टिपलीय, दगडावरची छिन्नीची खूण दिसते. पण स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, समोरच्याला थोडंच थांबवतं? सकाळी साडेसहाला आमच्या वाड्यावर पदेर (पाववाला) येतो, सायकलचा भोंगा वाजवत. त्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ६४००, शटर १/६०. त्याची टोपली टाचणीसारखी स्पष्ट आणि पाव काढून देणारा हात धुरकट. आता माणूस समोर असला की १/२०० च्या खाली जायचं नाही असं ठरवलंय. आयएसओ जाऊ दे वर.

फेरीवर आणखी एक कळलं. कठड्याला कोपर टेकून फोटो काढायचा नाही. आपल्याला वाटतं आधार मिळाला, पण इंजिनाची सगळी थरथर कठड्यातून कॅमेऱ्यात येते. मधोमध उभं राहायचं, गुडघे थोडे सैल. थरथर पायांत जिरते.

मग एवढा खटाटोप कशाला? उजेडासाठी. आपल्याकडे दुपारी बाराला चुन्याने रंगवलेली चर्चची भिंत आणि समोरच्या घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) काळोखात बसलेली आजी, दोघं एका फोटोत आणायची म्हणजे काय हाल होतात ते गोव्यात फोटो काढणाऱ्याला सांगायला नको. इथे मी भिंत सांभाळून फोटो घेतो आणि घरी आजीला काळोखातून वर काढतो. ती येते. तिच्या साडीचा रंगही येतो.

इथे आणखी कोणी असं करतं का? कसं निभावता?

गणित_मास्तर (मंगळवार, रात्री ११:०२)

धागा आवडला, पण पुडी सोडण्याआधी हिशोब होऊन जाऊ दे.

१. १.६७ पट क्षेत्रफळ म्हणजे प्रकाशात पाऊण स्टॉपच्या आत-बाहेर. त्याहून जास्त नाही.

२. तुमच्या सेन्सरचा एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सोनीच्या ६१ मेगापिक्सेलवाल्या फुलफ्रेमचा (२०१९ चा ए७आर ४) पिक्सेलही तेवढाच. रोपं एकाच जातीची, याचा वाफा मोठा इतकंच. "मिडियम फॉरमॅट जास्त हलतं" हा समज म्हणून अर्धाच खरा. फरक येतो तो त्याच दृश्याला तुमची लेन्स सव्वापट लांब लागते त्याचा.

३. तुमची ५० मिमी एफ ३.५ म्हणजे फुलफ्रेमवर ४० मिमी एफ २.८. असली लेन्स खिशात मावेल एवढी मिळते. फुजीची सगळ्यात उजेडाची ८० मिमी एफ १.७ घ्या, ती ६३ मिमी एफ १.३ च्या बरोबरीची. फुलफ्रेमवर ५० मिमी एफ १.२ कितीतरी जणांकडे आहे. मग तो प्रसिद्ध "मिडियम फॉरमॅट लुक" नक्की कुठे राहतो ते मला कोणीतरी फळ्यावर काढून दाखवा.

आजीला वर काढायला फुलफ्रेमही पुरतो. मी काढतो.

सांगेकर (बुधवार, सकाळी ७:२०)

माझ्या फोनमध्ये १०८ मेगापिक्सेल आहेत. सहा जास्त. 😄

फेरीतला (बुधवार, सकाळी ८:०५, फेरीवरून)

@सांगेकर, संध्याकाळी बांगड्याचा डोळा काढून पाठवा, मग बोलू.

@मास्तर, हिशोब सगळा मान्य. "लुक" हा शब्द मीही सोडून दिलाय, तो बहुतेक वेळा लेन्सचा असतो आणि उरलेला किमतीचा. पण तुमच्या वहीत न बसणारी एक गोष्ट सांगतो. मी एकच लेन्स नेतो. फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी २५ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ४० ची लेन्स ८० ची झाली. समोर नदीच्या मध्यावर होडी असेल तर मी लेन्स बदलत नाही, पावसात तर नाहीच नाही. तुमच्याकडे ६१ आहेत, निम्मं कापलं की १५. चालतात, पण माझ्या सासऱ्यांना भिंतीवर तीन फुटी फोटो हवा असतो.

पूर्ण फोटो ११६४८ बाय ८७३६ चा. इंचाला ३०० ठिपके धरले तर जवळजवळ ३९ बाय २९ इंच छापता येतो. असा एकच छापलाय. बाकीचे तुम्ही म्हणता तसे फोनवरच बघितले जातात, कबूल.

आजोबांचा_रोलाय (बुधवार, दुपारी १:४०)

मिडियम फॉरमॅट हातात धरायचा नसतो हे कधीपासून ठरलं?

आजोबांनी १९५८ साली पणजीत रोलायकॉर्ड घेतला, फिल्मवरचा मिडियम फॉरमॅट. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य, परदेशी माल सहज मिळायचा, मुंबईचे पाहुणे बघून हळहळायचे. त्या कॅमेऱ्याला आमच्या घरात ट्रायपॉड कधी नव्हताच. कमरेशी धरायचा, वरून काचेत बघायचं, श्वास रोखून खटका. रोलायफ्लेक्स आला १९२९ ला आणि तेव्हापासून निम्म्या जगाने तो रस्त्यावरच वापरला. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी व्हिव्हियन मायर, तिनेही कितीतरी वर्षं रस्त्यावर रोलाय चालवला. आणि १९६९ ला चंद्रावर हॅसलब्लाड (हाही मिडियम फॉरमॅट) गेला तो अंतराळवीरांच्या छातीला अडकवून. त्याला कोणी ट्रायपॉड लावत बसलं नाही.

स्टुडिओचा शिक्का डिजिटलमुळे बसला. सुरुवातीचे डिजिटल बॅक (फिल्मच्या जागी कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचे सेन्सर) कॉम्प्युटरला वायरीने बांधलेले, आयएसओ १०० च्या वर गेले की रडायचे. कॅमेरे सुधारले, पण लोकांचं मत तिथेच राहिलं.

आता थोडा खवचटपणा. ६ बाय ६ ची निगेटिव्ह खरोखरीची ५६ मिमी चौरस असते. तुमचं ४४ बाय ३३ त्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यामुळे धाग्याचं नाव "अर्धा मिडियम फॉरमॅट गळ्यात घालून" असं करावं ही नम्र सूचना.

आणखी एक. रोलायने फोटो काढताना माणूस मान खाली घालतो. समोरच्याला वाटतं हा आपल्याला नमस्कार करतोय. डोळ्याला कॅमेरा लावला की वाटतं नेम धरतोय. तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन वर उचलता येत असेल तर करून बघा.

अबोली (बुधवार, रात्री ९:३०)

मी लग्नं करते (म्हणजे दुसऱ्यांची). फोंड्याकडची देवळं, म्हार्दोळ, मंगेशी, कवळे, हा माझा पट्टा. दोन वर्षं हॅसलब्लाडचा एक्स१डी, डिजिटल मिडियम फॉरमॅटच, हातात धरून वापरला, मग विकला. दोन्ही का ते सांगते.

घेतला शटरसाठी. त्याचं शटर लेन्समध्ये असतं, त्यामुळे फ्लॅश १/२००० पर्यंत कुठल्याही वेगाला चालतो. दादा, तुमच्या फुजीत तो १/१२५ ला अडतो. याचा अर्थ कळायला मे महिन्यात दुपारी साडेबाराला देवळाच्या प्रांगणात नवरा-नवरी उभी करून बघा. मागे पांढरी दीपमाळ, वर ऊन, चेहऱ्यावर मुंडावळ्यांची सावली. मी सूर्य १/१६०० ने दाबायचे आणि छोट्याशा फ्लॅशने चेहरा उजळायचे. असे फोटो आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे नव्हते, दर वाढवून मिळाला. वजनही बेताचं, ७२५ ग्रॅमची बॉडी.

विकला हळदीमुळे. हळदीत पोरं थांबत नाहीत. फोकस लागेपर्यंत हळद लागून झालेली असायची. कॅमेरा सुरू व्हायला तर इतका वेळ की मी सकाळी चालू करायचे तो रात्रीच बंद करायचे, बॅटऱ्या सहा. शेवटी एका लेन्सचं शटर अडकलं. दुरुस्तीला पाठवली ती चार महिन्यांनी आली, तोवर हंगाम संपला. कोणाकडे दिली होती ते लिहीत नाही, भांडून झालंय. पण रोजच्या वापराला घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याची किंमत बघण्याआधी एक गोष्ट विचारावी: बिघडला तर गोव्यातून तो कुठे जातो आणि तोवर आपण काय वापरायचं?

आता फुलफ्रेम दोन, एक बिघडला तर दुसरा. झोप लागते. एक्स१डीने काढलेले ते दुपारचे फोटो मात्र अजून माझ्या दुकानात लावलेत.

फेरीतला (बुधवार, रात्री १०:५०)

@अबोलीताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी घेताना विचारला नव्हता. आता रात्री विचारेन.

@रोलाय, अर्धा तर अर्धा. स्क्रीन उचलता येतो आणि आज परतीच्या फेरीवर कमरेशी धरून बघितला. गाडीवर टेकून उभा असलेला एक पाववाला काका आपणहून बोलायला लागला. पहिला प्रश्न नेहमीचाच, "पेपरार येतलो?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला, पण फोटो चांगला आला.

हिंडणाऱ्यांसाठी एक इशारा: आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. एवढा मोठा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला वेळ घेतो. कदंबा बसच्या खिडकीतून काढलेले माड सगळे एका बाजूला झुकलेले आले, आणि भजनाला बसलेल्यांच्या डोक्यावरच्या पंख्याची पाती केळ्यांसारखी वाकडी.

मळेकरीण (गुरुवार, सकाळी ६:५५)

फोटोग्राफीतलं मला कळत नाही, पण मी पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या टोकाला, मळ्यात राहते, तेव्हा दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं.

आमच्याकडे घराघरांवर "फोटो काढू नयेत" अशा पाट्या लागल्यात त्या उगाच नाहीत. रविवारी सकाळी दार उघडलं की पायरीवर कोणीतरी अनोळखी मुलगी गाऊन घालून बसलेली असते आणि समोर कॅमेरा. फोनवाले निदान लाजतात. मोठा कॅमेरावाला आला की त्याला वाटतं त्याचा हक्क आहे. आमच्या शेजारच्या आजीने तर मोठी लेन्स दिसली की खिडकी लावून घ्यायची सवय केलीय. तुमचा महागडा कॅमेरा तुम्हाला उजेड देत असेल, तो आमच्या घरातला असतो.

फेरीतला (गुरुवार, रात्री ९:१०)

@मळेकरीण, दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर मी तिथला गुन्हेगार आहे.

मागच्या डिसेंबरात तुमच्याच भागात एका निळ्या घराचा फोटो काढला होता. रस्त्यावरून, पाटी नव्हती, माणूस नव्हता. घरी मोठा करून बघितलं तर उघड्या खिडकीतून आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तारखांवर पेनाने काही लिहिलं होतं, गॅस कधी लावला, डायलिसिसचे दिवस. मला उभ्या उभ्या ते दिसलंही नव्हतं, कॅमेऱ्याने बघितलं. फोटो पुसून टाकला. तेव्हापासून माणसांच्या घरांचे काढतो ते ओळखीच्यांचे किंवा विचारून. १०२ मेगापिक्सेलवाल्यांच्या चर्चेत हे कोणी सांगत नाही, सगळे पक्ष्याच्या पिसांबद्दल बोलतात.

आजोबांचा_रोलाय (गुरुवार, रात्री ९:४५)

मळेकरीणबाईंशी सहमत. आजोबांकडे रोलमागे बारा फोटो असायचे, ते दुसऱ्याच्या खिडकीवर कोण घालवणार!

पर्वरीचा_पाऊस (शुक्रवार, दुपारी ३:१५)

सगळं ठीक, पण बुरशीचं काय? गेल्या पावसाळ्यात माझी एक लेन्स कपाटात ठेवलेली, गणपतीला काढली तर आत कोळ्याचं जाळं. तीही साधी. तुमच्यासारखी असती तर मी स्वतःलाच बुरशी लागेपर्यंत रडलो असतो. डब्यात तांदूळ घालून ठेवावी म्हणतात ते खरं का?

फेरीतला (शुक्रवार, रात्री ११:२०)

तांदूळ नको. त्याची पूड लेन्सच्या कड्यांत जाते आणि ओल शोषायचं त्याचं काम यथातथाच. माझी पद्धत सांगतो, लांबेल.

पहिलं म्हणजे पावसाळ्यात रोज वापरणं हाच मोठा उपाय. बुरशीला काळोख, ओल आणि शांतता लागते. कपाटात "जपून" ठेवलेल्या लेन्सला तिन्ही मिळतात, चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवली तर वर खायलाही मिळतं. महाग म्हणून पावसात बाहेर काढायचा नाही असं पहिल्या वर्षी मीही केलं आणि ऑगस्टात लेन्सच्या टोपीला हिरवी झाक आलेली बघून घाबरलो. काच वाचली.

दुसरं, घरी विजेवर चालणारं कोरडं कपाट आहे, ४५ टक्क्यांवर लावलेलं. दिवाडीला पावसात वीज किती वेळ असते ते विचारू नका. म्हणून आत सिलिका जेलची बरणीही असते, निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परततो. बायकोने त्यासाठी वेगळा तवा दिलाय, त्यावर खिळ्याने "विष" असं कोरलंय.

तिसरं म्हणजे एसी. आमचं ऑफिस म्हणजे बर्फाचा कारखाना. संध्याकाळी बाहेर पडून लगेच कॅमेरा काढला की लेन्स, व्ह्यूफाइंडर, सगळं दवाने आंधळं. पुसू नये, पुन्हा येतं. सुटायच्या आधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावतो आणि फेरीवर पोचेपर्यंत उघडत नाही. तोवर आतला गारवा निघून जातो. एकदा घाईत लेन्स काढून बघायचा मूर्खपणा केला, सेन्सरवर दव. ती वीस मिनिटं मी देवाचं नाव घेत बसलो होतो, आणि मी एरवी घेत नाही.

पावसाचे थेंब बॉडीला आणि या लेन्सला चालतात, सील आहेत. समुद्राचा तुषार वेगळा. वागातोरला खडकांवर गेलो तर घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं अंग पुसतो. मीठ वाळू द्यायचं नाही.

गणित_मास्तर (शुक्रवार, रात्री ११:४१)

"विष" कोरलेल्या तव्याचा फोटो टाका. फोनवरून काढलेला चालेल.

कांपाल (शनिवार, सकाळी १०:०५)

नमस्कार. इथे पहिलाच प्रतिसाद. मी इंजिनिअर, नोकरीला दीड वर्ष. धागा वाचून काल रात्री झोपलो नाही. २०२५ मध्ये आलेला जीएफएक्स १००आरएफ बघतोय, न बदलता येणारी ३५ मिमी लेन्स, ७३५ ग्रॅम, १०२ मेगापिक्सेल. अठरा हप्त्यांत बसतो. स्टॅबिलायझेशन नाही आणि लेन्स एफ ४ ची आहे एवढंच खटकतं. रोज वापरेन याची खात्री आहे. घेऊ का? आता एक जुना क्रॉपसेन्सर (फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा) आहे, किट लेन्ससकट.

अबोली (शनिवार, सकाळी १०:४०)

नको रे बाळा. हप्ते असेपर्यंत तू तो पावसात काढणार नाहीस, गर्दीत नेणार नाहीस, मित्राच्या हातात देणार नाहीस. कपाटात हप्ते भरत बसशील.

गणित_मास्तर (शनिवार, सकाळी ११:१५)

एफ ४, स्टॅबिलायझेशन नाही आणि तू नोकरीवाला, म्हणजे फोटो सकाळी सातच्या आधी नाहीतर संध्याकाळी सहानंतर. पावसाळ्यात त्या उजेडात १/१२५ हवं असेल तर आयएसओ ६४०० धरून चाल. पाऊण स्टॉप मिळवायला घेतलेला कॅमेरा, एफ १.४ च्या लेन्सशी तुलना केली तर तीन स्टॉप लेन्समध्येच गेले. शटर लेन्समध्ये आहे, आवाज नाही, फ्लॅश चालतो, हे त्याचे गुण. ते तुला लागतात का?

आजोबांचा_रोलाय (शनिवार, दुपारी १२:३०)

मी विरुद्ध बोलणार. पंचविशीत वेडेपणा करायचा नाही तर कधी? पण हप्त्यावर नको. जुना ५०आर बघ, २०१८ चा. ५१ मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन त्यालाही नाही, फोकस संथ. पण लेन्स बदलता येते आणि विकायला काढलास तर फार पडणार नाही, आधीच पडून झालाय.

फेरीतला (शनिवार, रात्री १०:३०)

@कांपाल, घेऊ नकोस आणि घे या दोन्हींना माझ्याकडे कारणं आहेत, पण लिहीत नाही. रोज संध्याकाळी मेमरी कार्ड रिकामं करून बघ आधी. बिनकॉम्प्रेसची एक फाइल २०० एमबीच्या वर जाते. मी कॉम्प्रेस करतो तरी वर्षभरात दोन हार्ड डिस्क भरल्या, आणि लॅपटॉप असा तापतो की मांजर येऊन बसतं. कॅमेऱ्याच्या किमतीत हे कोणी धरत नाही.

परवा बारस, माशेलचा चिखलकालो (आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलात खेळायचा उत्सव). सासुरवाडी तिथलीच, जाणारच आहे. कॅमेरा नेऊ की नको यावर घरात मतदान चालू आहे. दोन विरुद्ध एक.

सांगेकर (शनिवार, रात्री १०:५२)

न्या. आम्हाला बघायचंय.

फेरीतला (मंगळवार, रात्री ११:४५)

नेला.

देवकीकृष्णाच्या देवळात रात्रभर भजन झालेलं, सकाळी मैदानात चिखल तयारच. अंगाला तेल चोपडून शंभरेक जण उतरले. मी कडेला, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक. १/५००, आयएसओ १६००, ढग भरून आलेले. सेकंदाला पाच फोटो निघतात खरे, पण चेंडूफळीत कोण कुठून उडी मारेल त्याचा पत्ता फोकसला लागत नाही. पहिले चाळीस फोटो पाठींचे आणि ढुंगणांचे. मास्तर म्हणतील फुलफ्रेमने डोळे पकडले असते. पकडले असते, म्हणू नका.

मग मेव्हण्याच्या मुलाने मागून मिठी मारली, दोन्ही हात चिखलाचे. कॅमेरा, पिशवी, माझा सदरा, सगळं माखलं. त्या क्षणापर्यंत मी दोन ॲक्टिव्हा सांभाळत होतो. नंतर पिशवी काढून टाकली आणि सरळ आत उतरलो, स्क्रीन उचलून, कमरेशी धरून.

एकच फोटो लागला. सत्तरीचे एक आजोबा, पायापासून भुवयांपर्यंत चिखल, कपाळावर रात्रीच्या भजनाचं गंध तेवढं कोरडं राहिलेलं. हसताना दात एकच. मोठा करून बघितलं तर गंधाच्या रेघेत बोटाच्या ठशाच्या वळ्या दिसतात, ज्यानं लावलं त्याच्या. हा ३९ इंची छापून त्यांच्या घरी न्यायचाय. ओळखीचे निघाले, सासऱ्यांचे भजनातले जोडीदार.

कॅमेरा विहिरीवर तांब्याने पाणी ओतून धुतला (हे करू नका असं कंपनी सांगते, मी फक्त काय झालं ते सांगतोय). चालू आहे. एक चक्र जरा कुरकुरतंय.

अबोली (बुधवार, सकाळी ७:१०)

कुरकुर म्हणजे आत माती गेलीय. ते चक्र फिरवत बसू नका, वाळू दे आधी. मी बोलले होते ना, कुठे पाठवायचा ते आधी शोधा म्हणून.

कांपाल (बुधवार, सकाळी ९:००)

काका, आजोबांचा फोटो बघितला. हप्त्यांचा विचार तूर्त थांबवलाय. पण एकदा हातात धरून बघायला मिळेल का? पाच मिनिटं पुरे.

फेरीतला (बुधवार, सकाळी ९:२५, बसमधून)

रविवारी सकाळी सहाला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ये, दिवाडीची पहिली गर्दी सुटायच्या आत. नऊपर्यंत तुझ्याकडेच ठेव, मी पदेराकडे चहा पीत बसेन. ते कुरकुरणारं चक्र फिरवू नकोस. कार्ड तुझं आण, १२८ जीबीचं तरी, आणि कठड्याला टेकू नकोस.